सांगड नावाची होडी

हिंगोलीचा माणूस शिडाच्या होडीवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. उन्हाळ्यात कयाधूचं पात्र ओलांडायचं तर चप्पलसुद्धा भिजत नाही. पण श्रोतेहो, या विषयाकडे मी पाण्याच्या वाटेनं आलो नाही, शब्दाच्या वाटेनं आलो. तो शब्द तुमच्या-माझ्या रोजच्या बोलण्यातला आहे. संसार आणि नोकरीची सांगड घालता घालता जीव मेटाकुटीला आला, असं आपण म्हणतो. जुन्याची नव्याशी सांगड घालतो. ही सांगड म्हणजे मुळात काय?

मोल्सवर्थसाहेबाच्या १८५७ च्या मराठी कोशात त्याचा अर्थ सापडतो. दोन होड्या एकमेकींना बांधून केलेलं तरतं साधन, ते सांगड. नदी पोहून जाताना दोन वाळके भोपळे दोरीनं जोडून छातीखाली घेत, तीही सांगडच. म्हणजे आपण ज्याला निव्वळ वाक्प्रचार समजतो ती एकेकाळी पाण्यात टाकायची, हातानं बांधायची वस्तू होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या ‘संगारा’ नावाच्या मोठ्या नावांचा उल्लेख येतो. एकेका ओंडक्यातून कोरलेल्या होड्या एकत्र बांधून त्या केलेल्या असत. हा शब्द आणि आपली सांगड एकाच कुळातले असावेत असं मानणारे अभ्यासक आहेत.

आज जगभर अशा जोडहोडीला कॅटामरान म्हणतात. हा शब्द तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. गंमत अशी की तमिळ कोळ्यांचं कट्टुमरम म्हणजे चार-पाच ओंडके शेजारी शेजारी बांधलेला तराफा. त्यात दोन होड्या नसतातच. इंग्रजांनी नाव उचललं आणि भलत्याच वस्तूला चिकटवलं. त्यांची गाठ आधी मराठी माणसाशी पडली असती तर अमेरिकेतले धनाढ्य आज आपल्या नौकेला ‘सांगड’ म्हणत मिरवले असते.

आता मुद्द्यावर येतो. समजा, आपल्याला शर्यत जिंकायची नाही. पन्नाशी उलटलेलं जोडपं आहे, गुडघे कुरकुरतात, आणि त्यांना शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं निवांत महिनाभर फिरायचं आहे. चहा सांडू नये, रात्री झोप लागावी, वारा वाढला तर घाबरगुंडी उडू नये. अशी होडी कशी आखायची?

पहिली अडचण वाऱ्याचीच. शीड होडीला पुढे नेतं तसं बाजूलाही रेटतं, आणि होडी कलंडू पाहते. तिला उभं ठेवायचे दोन मार्ग आहेत. जत्रेत मिळणारी, बुडाशी वजन असलेली बाहुली आठवा. किती ढकला, पुन्हा उभी राहते. बहुतेक समुद्री शिडाच्या नौका या बाहुलीसारख्या असतात. होडीच्या तळाशी जो कणा असतो, त्याला कोकणात पठाण म्हणतात. (आम्हा मंडळींना हे ऐकून थोडी मौज वाटते.) नौका मोठी असेल तर या कण्याखाली शिशाचा किंवा लोखंडाचा काही टन वजनाचा ठोकळा लावतात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ या जातीची. सतरा मीटर लांबीच्या या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय.

म्हादेईसारखी नौका जगातल्या सगळ्यात रागीट समुद्रातून माणसाला परत आणते. पण तिच्यावर सुखानं राहता येतं असं मात्र नाही. बुडातलं वजन कामाला लागायचं तर नौका आधी कलावी लागते. त्यामुळे वारा बाजूनं असला की घर दिवसचे दिवस पंधरा-वीस अंशांत तिरकं. चूल झुलत्या कड्यांवर टांगायची, पलंगाला कापडाची भिंत लावायची, स्वयंपाक करणाऱ्यानं स्वतःला पट्ट्यानं बांधून घ्यायचं. तरुण नौसैनिकाला हे शोभतं. आपल्या जोडप्याला नाही.

दुसरा मार्ग तुम्ही एसटीत उभ्यानं प्रवास करताना वापरता. कळमनुरीच्या वळणावर गाडी हेलकावली की आपण काय करतो? पाय फाकवून उभे राहतो. वजन वाढवत नाही, पाया रुंदावतो. सांगड हेच करते. दोन अरुंद होड्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या आणि वरून तुळया टाकून बांधायच्या.

थोडा हिशेब करू. तीन टन वजनाची सांगड आहे, दोन होड्यांच्या मध्यरेषांत पाच मीटर अंतर आहे. वाऱ्यानं एक होडी पाण्यातून उचलली जाण्याच्या क्षणी सगळं वजन दुसऱ्या होडीपासून अडीच मीटरवरून तिला खाली ओढत असतं. तीन गुणिले अडीच, साडेसात टन-मीटर. तितक्याच वजनाच्या एकेरी नौकेत हा अडीच मीटरचा हात बऱ्यापैकी कलल्यावरही जेमतेम अर्धा ते एक मीटर मिळतो. शिवाय सांगडीला हा आधार चार-पाच अंश कलण्याच्या आतच मिळतो. चहाचा कप टेबलावर राहतो तो असा. आणि शिशाचा ठोकळाच नसल्यामुळे उथळ खाडीत शिरता येतं, ओहोटीला वाळूवर टेकून निवांत बसता येतं.

वेग हा वरचा नफा. रुंद होडी पाण्यात लाट उठवते आणि स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात अडकते. छत्तीस फुटी नौकेला ही मर्यादा ताशी आठ सागरी मैलांच्या आसपास येते. लांबीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकीच रुंदी असलेली निमुळती होडी लाट फारशी उठवतच नाही, म्हणून ही मर्यादा तिला जाचत नाही. युरोपी माणसांना हे फार उशिरा कळलं. १७४२ मध्ये इंग्रज सेनापती अॅन्सनच्या ताफ्यानं पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर तिथल्या लोकांची होडी पाहून तिचं मोजमाप काढलं, तिच्या वेगानं ते थक्क झाले आणि पुढे निघून गेले. १८७६ मध्ये नॅथनेल हेरेशॉफ या अमेरिकन नौकाशिल्पीनं ‘अॅमरिलिस’ नावाची सांगड न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिनं सगळ्यांना मागे टाकलं. मग काय झालं असेल? तिला बक्षीस देण्याऐवजी तिच्या जातीलाच शर्यतीतून बाद केलं. आपल्याकडेही असे न्याय होतात, पण ते वेगळ्या भाषणाचे विषय.

या सांगडीला पुन्हा समुद्रावर आणणाऱ्यांत जेम्स व्हॅरम या इंग्रजाचं नाव मला सगळ्यात जवळचं वाटतं. पॉलिनेशियातल्या होड्यांवर वाचून त्यानं साडेतेवीस फुटांची ‘तांगारोआ’ बांधली आणि १९५५-५६ मध्ये दोन तरुण मैत्रिणींसह अटलांटिक ओलांडून त्रिनिदाद गाठलं. १९५९ मध्ये ‘राँगो’ या दुसऱ्या सांगडीतून तो उलट दिशेनं उत्तर अटलांटिक ओलांडून आला. २०२१ साली त्याचं निधन झालं. व्हॅरमची मुख्य करामत गाठीत आहे. त्यानं पुढे आखलेल्या होड्यांत तुळया बोल्टांनी आवळलेल्या नाहीत, दोरानं बांधलेल्या आहेत. लाटांवर दोन होड्या कधीच एकाच वेळी वरखाली होत नाहीत, आणि सगळी ओढाताण जोडावर येते. पक्का कसलेला लोखंडी जोड ही ओढ सोसत राहतो आणि एक दिवस तडकतो. दोर जरासा सैल होतो, जरासा ताणतो, आणि तग धरतो.

दोराचं हे शहाणपण आपल्याला परकं नाही. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून ‘कौंडिण्य’ नावाचं जहाज अलीकडे बांधलं गेलं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत. बांधणी गोव्यातली, केरळचे कारागीर, आणि २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. ते एकेरी जहाज आहे, सांगड नव्हे. पण मराठवाड्यातल्या डोंगरातलं एक चित्र पाण्यावर तरंगतं आहे या कल्पनेनं मला बरेच दिवस आनंद दिला.

दोन सारख्या होड्यांच्या सांगडीचा दोष म्हणजे खर्च. दोन पोटं, दोन सुकाणू, बहुधा दोन इंजिनं, आणि मध्ये दिवाणखाना टाकला तर त्याचं वजन. हा दिवाणखाना पाण्यापासून किमान दोन-अडीच फूट उंच नसेल तर लाट खालून असे ठोसे मारते की झोपलेला माणूस उठून बसतो. सुखासाठी घेतलेली नौका, आणि रात्रभर कुणी तरी दार ठोठावतंय.

म्हणून माझं मन दुसऱ्या एका रचनेकडे ओढ घेतं. तीही आपल्याकडे आहे. सिंधुदुर्गात, गोव्यात रापणीच्या होडीला एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांवर हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला दिसतो. त्याला उलांडी म्हणतात. उलंडणे म्हणजे कलंडणे. कलंडू न देणाऱ्या ओंडक्याचं नाव उलांडी! व्युत्पत्ती पंडितांवर सोडतो, पण शब्द मोठा गोड आहे. मद्रासच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेलनं १९२० मध्ये हिंदुस्थानातल्या होड्यांवर मोठा निबंध लिहिला, त्यात या उलांडीची नोंद आहे. तिचं नातं त्यानं पूर्वेकडच्या बेटांवरच्या दर्यावर्दींशी जोडलं.

उलांडीत दोन होड्या सारख्या नसतात. एक मोठी, एक धाकटी. पॅसिफिकमधल्या अशा अनेक होड्यांत धाकटी कायम वाऱ्याच्या अंगाला ठेवतात. मग दिशा बदलायची कशी? मुंबईची लोकल चर्चगेटला पोचली की वळत नाही. मोटरमन दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो, मागचं ते पुढचं होतं. या होड्यांचंही तसंच. दोन्ही टोकं सारखी असतात, शीड या टोकाकडून त्या टोकाकडे न्यायचं, आणि नाळ होते शेपूट.

ऑस्ट्रेलियातले रॉब डेनी आणि त्यांच्यासारखे काही आखणीकार ही जुनी कल्पना सुखाच्या सहलीसाठी नव्यानं मांडतात. लांब, निमुळती होडी वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, जवळपास रिकामी. शीड तिच्यावर. आखूड आणि जरा गुबगुबीत होडी वाऱ्याच्या अंगाला, आणि माणसं, चूल, पाणी, अंथरुणं सगळं तिच्यात. मघाचाच हिशेब पुन्हा मांडू. तीन टन वजन, पाच मीटर अंतर, पण आता साठ टक्के वजन वाऱ्याच्या अंगाला. वजनाचा मध्य पलीकडच्या होडीपासून तीन मीटरवर गेला. साडेसातचे नऊ टन-मीटर झाले. एक किलो शिसं न वाढवता आधार वाढला, केवळ संसार कुठे मांडला यावर. घरही एकच, त्यामुळे दोन पोटं सजवण्याचा खर्च नाही.

अशा होडीत डोलकाठीला ताणून धरणारे दोर नसतात. काठी तळाशी घट्ट रोवलेली, वर मोकळी. वावधान सुटलं की रानातलं ज्वारीचं ताट वाकतं तशी ती टोकाला वाकते आणि शिडातला जास्तीचा वारा आपोआप सांडून जातो. आडवे येणारे दोर नसल्यामुळे शीड झेंड्यासारखं कोणत्याही दिशेला मोकळं सोडता येतं. म्हातारपणी ज्याच्या हातात जोर कमी उरतो त्याला याची किंमत कळेल. संकटात फक्त एक दोरी सोडायची.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी होडी विकायला आलोय असं वाटेल.

या असमान होडीत वारा अचानक उलट बाजूनं आला तर हिशेब उलटतो. मघाचे नऊ टन-मीटर सहावर येतात. म्हणून आखताना त्या सहाचाच विचार करून शीड बेतावं लागतं. शिवाय कोणतीही सांगड, सारखी असो वा असमान, एकदा पालथी झाली की पालथीच राहते. बाहुलीसारखी उठत नाही. शिशाचं ओझं नसल्यानं बहुधा बुडत नाही, माणूस तिला धरून राहू शकतो, पण घर उलटंच राहतं. म्हणून जाणते आखणीकार होडीच्या अंगात बाहेर पडायची खिडकी ठेवतात. याहून खोल धोका असा की एकेरी नौका वाकून वाकून सांगते, वारा वाढला बाबा, शीड कमी कर. सांगड सांगत नाही. ती सपाट चालत राहते, चहाचा कप जागेवर असतो, आणि वारा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. सांगडीवर शीड कमी करायचं ते अंगाला काय वाटतं यावर नाही, वारा मोजून. सुखाची ही किंमत मोजावी लागते.

तिसरी गोष्ट सामानाची, आणि ती आपल्या लोकांना पटणं अवघड आहे. बारा मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद अशी अरुंद होडी साधारण पंच्याहत्तर किलो वजनाला एक सेंटिमीटर खाली बसते. तितक्याच लांबीची रुंद नौका एका सेंटिमीटरला तीनशे किलोच्या वर पेलते. लग्नाच्या बसमध्ये टपावर, शिटांखाली, मांडीवर, जागा दिसेल तिथे सामान कोंबणाऱ्या आपल्या मंडळींनी सांगडीत पाय ठेवण्याआधी हा आकडा पाठ करावा. लादलेली सांगड जड चालते, लाटेत नाक खुपसते, आणि ज्या कारणासाठी ती बांधली ते कारणच संपतं. तिचा हेलकावाही वेगळा आहे. एकेरी नौका झोपाळ्यासारखी संथ डोलते, सांगड खडबडीत रस्त्यावरच्या जीपसारखी झटके देते. कुणाला कोणतं मानवेल ते पोट ठरवतं.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, हा समुद्राचा विषय हिंगोलीत कशाला? तर आमच्याकडे समुद्र नसला तरी पाणी आहे. पूर्णेवर सिद्धेश्वर आणि येलदरी, पैनगंगेवर इसापूर. भरल्या धरणावर उभं राहिलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो आणि वाऱ्याला अडवायला काही नसतं. या पाण्यावर थर्माकोलच्या तुकड्यावर मांडी घालून किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. हाताच्या तळव्याएवढ्या फळीनं वल्हवतात. अंगात लाइफजॅकेट नसतं.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. केरळात थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ ला पर्यटकांची दुमजली बोट उलटून पंचेचाळीस माणसं बुडाली. काठावरची जनावरं बघायला लोक एका बाजूला धावले, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. प्रत्येक अपघाताची कारणं अनेक असतात, आणि केवळ आकार बदलून सगळे टळले असते असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. पण माणसं एका बाजूला धावणार, वारा अचानक सुटणार, हे धरून चालणारा आकार कोणता, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. दोन होड्यांमधलं अंतर दुप्पट केलं की कलण्याला होणारा सुरुवातीचा विरोध चौपट होतो. लोखंड, इंजिन, इंधन काही न वाढवता.

धरणावरच्या सांगडीला शीड नसलं तरी चालेल. अठरा फूट लांब, दोन फूट रुंद अशा दोन फायबरच्या होड्या घ्या. मध्यरेषांत सहा फुटांचं अंतर ठेवा आणि वर बांबूचा माळा टाका. यातली एक होडी सुमारे तेवीस किलोला एक सेंटिमीटर बसते. सत्तर किलोचा माणूस जाळं ओढायला एका होडीवर उभा राहिला तर ती बाजू तीनेक सेंटिमीटर खाली जाईल. चौघे एकाच बाजूला आले तरी बारा. ट्यूबवर बसलेला माणूस मोठ्या माशाच्या हिसक्यानं कुठे जातो, ते काठावरच्या कुणालाही विचारा.

आणि थर्माकोल टाकून द्यायची गरज नाही. त्याची जागा होडीच्या पोटात आहे. दोन्ही टोकांना बंद कप्पे करून त्यात तो भरला तर होडीला भोक पडलं तरी ती बुडत नाही. फक्त भरण्याआधी प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळायचा, कारण फायबरच्या कामात वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन लागलं की थर्माकोल विरघळून जातो. हे ठाऊक नसल्यामुळे मेहनत फुकट जाते.

तुळया मात्र बोल्टांनी आवळू नयेत. मार्चनंतर धरणाचं पाणी मागे सरकतं, आधीच्या काठापासून पाण्यापर्यंत लांबवर चिखल आणि भेगाळलेली जमीन पसरते, आणि जड होडी तिथेच रुतून बसते. दोरानं बांधलेली सांगड सोडता येते. दोन होड्या वेगळ्या करायच्या, बांबू खांद्यावर घ्यायचे, एकेक होडी चौघांनी उचलायची, आणि पाणी जिथे असेल तिथे जाऊन पुन्हा गाठी मारायच्या.